कणेकरांचा सिनेमा आणि आमचा तंबू

शिरीष कणेकरांचं 'यादों की बारात' मी आमच्या वाचनालयातून तीनदा घरी आणलं. 'गाये चला जा' दोनदा. तेव्हा पुढं जे लिहितो आहे ते रागानं लिहितो आहे असं कोणी समजू नये. ज्याच्याशी भांडावंसं वाटतं तोच लेखक माणूस पुन्हा पुन्हा वाचतो. बाकीच्यांची पुस्तकं मी एकदा वाचून परत करतो आणि दंड लागू देत नाही.

कणेकर १९४३ सालचे, मी त्यांच्याहून सतरा-अठरा वर्षांनी लहान. २०२३ च्या जुलैत ते गेले तेव्हा पेपरात फोटो आला. मी तो कापून ठेवला. वर्तमानपत्रात सदर लिहायचं, जुन्या सिनेमांवर, नटांवर, गाणाऱ्यांवर लिहायचं, आणि खेड्यातल्या दहावी शिकलेल्या माणसालाही ते शेवटपर्यंत वाचावंसं वाटावं, हे सोपं काम नाही. मोठ्या मोठ्या समीक्षकांचे लेख मी दुसऱ्या परिच्छेदात सोडून दिले आहेत. कणेकरांचा एकही नाही. त्यांचं वाक्य तोंडात बसतं. लता मंगेशकर, दिलीपकुमार यांच्यावर लिहिताना हा माणूस वारकऱ्यासारखा होतो, आणि बाकी वेळी गावातल्या सर्वात चावट पोरासारखा.

पण भांडण आहे. ते भांडण एकट्या कणेकरांशी नाही, मुंबई-पुण्यात बसून जुन्या सिनेमांवर रविवारी लिहिणाऱ्या सगळ्या मंडळींशी आहे. कणेकर त्यांच्यातले सर्वात वाचनीय, म्हणून नाव त्यांचं.

पहिली गोष्ट 'जुना सिनेमा' या शब्दाची. यांच्या लेखात जुना सिनेमा म्हणजे जो कधीकाळी नवा होता तो. पहिल्या आठवड्यात थेटरात पाहिला, मग वर्षं गेली, केस पिकले आणि आठवण आली. आमच्याकडे सिनेमा नवा कधी आलाच नाही. मुंबईत लागलेली पेटी आधी मोठ्या शहरांत फिरायची, मग अकोला-अमरावती, मग तालुका, आणि सर्वात शेवटी तंबू. आमचा वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रांताच्या बाजूला होता. राज्य बदललं, पण सिनेमाच्या धंद्यात या मुलखाला पुढं कितीतरी वर्षं 'सी. पी. बेरार'च म्हणत राहिले. वाटपाची ऑफिसं अमरावतीत, भुसावळात. तिथून पत्र्याच्या पेट्या निघायच्या. आमच्या गावापर्यंत येताना त्या फिल्मवर इतक्या रेघा पडलेल्या असायच्या की कोणत्याही सिनेमात पाऊस चालू आहे असं वाटे. तुटलेली फिल्म जोडता जोडता ऑपरेटरनं किती फूट फेकून दिली असेल त्याचा हिशेब नाही. म्हणजे समीक्षकानं पाहिलेला सिनेमा आणि आम्ही पाहिलेला सिनेमा यांची लांबीसुद्धा एक नव्हती. आणि मत मात्र एकच छापलं गेलं, त्यांचं.

तंबू दिवाळीनंतर लागायचा. कापसाचे पैसे हातात आलेले, रात्री लांब, पावसाची भीती नाही. मिरगाच्या आधी गुंडाळायचा. बायका एकीकडे, माणसं एकीकडे, मधे दोरी. ज्याच्याकडे तिकिटाचे चार आणे नसत तो पडद्याच्या मागल्या बाजूनं पाही. त्याला सगळं उलटं दिसे. नायक डावखुरा आणि पाट्या उलट्या. पाट्या तसंही कोणाला वाचता येत नव्हत्या, त्यामुळं फारसं नुकसान नव्हतं. मशीन एकच. एक रीळ संपलं की अंधार, मग दुसरं चढवेपर्यंत बिड्या, चहा, पोरांचं मुतणं, आणि झालेल्या भागावर मोठमोठ्यानं चर्चा. मी म्हणतो, समीक्षा म्हणतात ती हीच. पेपरवाल्याला आठवडा मिळतो, आमच्या लोकांना दोन रिळांमधली पाच मिनिटं मिळायची.

आता कणेकरांची 'फिल्लमबाजी'. एकट्या माणसानं उभं राहून हिंदी सिनेमाच्या ठरलेल्या साच्याची टोपी उडवायची आणि सभागृह हसवून सोडायचं. कॅसेट ऐकून मीही पोट धरून हसलो. आंधळी आई, हरवलेले भाऊ, कोर्टातला पुरावा, शेवटच्या रिळात पोलीस, हा साचा हसण्यासारखा आहेच. पण माझ्या मनात एक प्रश्न राहिला. साचा मूर्खपणानंच झाला का? तंबूत बसून पाहिलेल्या माणसाला तसं वाटत नाही. ज्याचं मोटेचं पाणी नऊ वाजता संपतं तो साडेनऊला तंबूत येतो. दोन रिळं गेलेली. तो शेजारच्याला विचारतो, "कोन हाये हा?" शेजारचा सांगतो, "लहाना भाऊ. हरवला होता." झालं. एका वाक्यात तो सिनेमात आला. बायको लेकराला घेऊन अर्ध्यातून उठून गेली, तरी शेवट काय झाला असेल ते तिला घरी बसून कळतं. दर अर्ध्या तासाला वीज जाते, फिल्म तुटते, रीळ मागंपुढं लागतं. अशा ठिकाणी साचा नसता तर गोष्ट कोणाच्याच हाती लागली नसती. आमच्याकडे कीर्तनातही तसंच आहे. आख्यान सर्वांना पाठ असतं, म्हणून मधून येऊन बसलं तरी चालतं. त्याला कोणी फॉर्म्युला म्हणून हसत नाही.

आणि हरवणं. शहरातल्या माणसाला भाऊ हरवून पुन्हा सापडणं हा विनोद वाटतो. शेगावला प्रगटदिनाच्या गर्दीत भोंग्यावरून हरवलेल्या लेकरांची नावं पुकारताना ज्यानं ऐकली त्याला तो पूर्ण विनोद वाटणार नाही. आमच्याकडे बाया अजूनही यात्रेत लेकराच्या खिशात चिठ्ठी घालतात. गंमत अशी की कणेकरांच्या ज्या पुस्तकावर माझा जीव आहे त्याचं नावच हरवलेल्या भावांच्या सिनेमाचं आहे. नासिर हुसेनचा 'यादों की बारात' १९७३ चा. तीन भाऊ पांगतात आणि लहानपणच्या एका गाण्यावरून एकमेकांना ओळखतात. जो साचा हसायला घ्यायचा, आठवणींचं गाठोडं बांधताना फडकं त्याचंच घ्यायचं. मला यात दोष दिसत नाही. मनातून तेही त्या साच्याचेच होते एवढंच दिसतं.

दुसरा मुद्दा चेहऱ्याचा. भारतभूषणच्या चेहऱ्यावर काही हलत नाही, हे शहरातल्या लिहिणाऱ्यांचं जुनं गाऱ्हाणं. दिलीपकुमारच्या शेजारी ठेवला तर खरंच आहे. पण १९५२ चा 'बैजू बावरा' आमच्या तंबूत ज्या शांततेत पाहिला गेला तशी शांतता मी दिलीपकुमारच्या सिनेमालाही पाहिली नाही. कारण काय? आमच्या भजनी मंडळात जो खरा गाणारा असतो तो गाताना चेहरा करत नाही. तो डोळे मिटतो आणि खांबासारखा बसतो. जो हातवारे करतो त्याला लोक म्हणतात, "हा नाटक्या हाये." बैजू लोकांना मंडळातला माणूस वाटला. 'संत तुकाराम' १९३६ चा. त्यातल्या विष्णुपंत पागनीसांची मात्र हेच समीक्षक स्तुती करतात, की त्यांनी अभिनय केलाच नाही, ते तुकारामच झाले. एकाचं न हलणं भक्ती आणि दुसऱ्याचं न हलणं लाकूड, हे माप मला पटत नाही. एवढं कबूल की पागनीस स्वतःच्या गळ्यानं गात होते आणि भारतभूषणच्या मागं रफीचा गळा होता. त्यानं फरक पडतो. पण पेपरवाले तो फरक सांगत नाहीत, ते फक्त हसतात.

गाण्यांबद्दल मात्र कणेकरांचं आणि माझं एकमत आहे. आमच्याकडे गाणं आधी यायचं, सिनेमा नंतर. रेडिओ सिलोनवर बुधवारी रात्री अमीन सयानींचा आवाज लागला की ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओट्यावर जागा मिळत नसे. सिनेमा यायला तीन-चार वर्षं लागत. तोवर गाणं निंदायला जाणाऱ्या बायांच्या तोंडी बसून जुनं झालेलं असे. मग सिनेमात ते गाणं लागलं की लोक नायिकेकडे नवलानं पाहत, की आमचं गाणं हिला कसं माहीत. ती बाई कोण आहे, लता आहे की आशा, हा वाद आमच्याकडे कमी. वाद असे तो, कोणाच्या तोंडी जास्त चांगलं बसतं त्याचा. कणेकरांनी लताबाईंवर लिहिलेलं वाचताना माझ्या कानात त्या पराटीतल्या बायांचा आवाज असतो. त्यांना ते चाललं असतं की नाही कोण जाणे.

पण 'सुवर्णकाळ' हा शब्द आला की मी थांबतो. पन्नास-साठची दशकं म्हणजे सोन्याची, नंतर सगळं उतरत गेलं, असा या सदरांचा सूर. संगीतापुरतं मान्य. पण आमच्यासाठी ते सोन्याचे दिवस नव्हते. सवाईनं नाहीतर दिढीनं ज्वारी आणायची, म्हणजे एक पोतं घेतलं तर सुगीत सव्वा नाहीतर दीड द्यायचं, असा तो काळ. सत्तर-बहात्तरच्या दुष्काळात आमचे लोक रोजगाराच्या कामावर खडी फोडत होते आणि खडी फोडताना तीच सोन्यासारखी गाणी म्हणत होते. एकच काळ, आणि त्याच्या दोन आठवणी. एका आठवणीची पुस्तकं झाली.

आता 'मदर इंडिया'. १९५७ चा सिनेमा, मेहबूब खानचा. त्याच्यावर कोणतंही सदर काढून पाहा. आगीची गोष्ट येणारच. शूटिंगमध्ये आग भडकली, नर्गिस अडकली, सुनील दत्तनं उडी घेऊन वाचवलं, पुढं दोघांचं लग्न झालं. सुंदर गोष्ट आहे, खरी आहे, मलाही आवडते. पण तंबूत ती आग लागली तेव्हा कोणाच्या मनात सुनील दत्त नव्हता. कडबा जळत होता. ज्याच्या गंजीला कधी आग लागली आहे त्याला विचारा. माणूस वाचला हे ऐकल्यावर दुसरा प्रश्न तोच असतो, बैलांना आता वर्षभर घालू काय? माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता, तो हळूच म्हणाला, "गेलं साल." एवढंच. साठ वर्षांत 'मदर इंडिया'वर जे काही छापून आलं त्यात मला हे दोन शब्द कुठं सापडले नाहीत.

सुखीलालचं व्याज पाहा. सासूनं लग्नासाठी पाचशे रुपये काढले, अंगठा दिला, आणि पिकाचे तीन हिस्से सावकाराला, एक घरात. शिकलेले लोक म्हणतात, हा सावकार भडक रंगवला आहे. असेल. आमच्याकडचा सावकार असा डोळे मिचकावत नव्हता. तो फार गोड बोलत असे, लग्नात अहेर आणत असे, पोरांना पेढा देत असे. पण वहीतला हिशेब तोच होता. मेहबूबनं माणूस भडक केला आणि हिशेब जसाच्या तसा ठेवला. टीका करणाऱ्यांनी माणूस पाहिला, हिशेब पाहिला नाही. आम्ही हिशेब पाहिला.

'उपकार'बद्दल मात्र मी पेपरवाल्यांच्या पुढं एक पाऊल आहे. १९६७ चा, शास्त्रीजींच्या 'जय जवान जय किसान'वरून काढलेला. मनोजकुमारच्या चेहऱ्यावर हात ठेवण्याला लोक हसतात. माझी तक्रार त्याच्या कपड्यांची. वखर धरणाऱ्याच्या सदऱ्याला इतकी इस्त्री कुठून? त्यातलं मातीच्या सोन्याचं गाणं पंधरा ऑगस्टला, पोळ्याला भोंग्यावर लागतं, लोक ताठ उभे राहतात. कोणी विचारत नाही की ते सोनं कोणत्या भावानं गेलं. तीन तासांच्या सिनेमात शेतकऱ्याचं एवढं कौतुक आहे, आणि बाजार समितीच्या कट्ट्यावर, अडत्याच्या काट्यासमोर तो एकदाही उभा दिसत नाही. कौतुक फुकट मिळतं, भाव मिळत नाही. कोणत्या समीक्षकानं हे लिहिलं? ते चेहऱ्यावरच्या हातापाशीच थांबले.

'शोले'चा किस्सा वेगळा. १५ ऑगस्ट १९७५ ला लागला तेव्हा नामांकित नियतकालिकांनी त्याला विझलेला निखारा ठरवलं, विलायती नक्कल म्हणून हिणवलं. नंतर लोकांनी तो डोक्यावर घेतला आणि पुढं हीच जमात त्याच्यावर दर दहा वर्षांनी विशेषांक काढते. मी तो मीटरगेजच्या गाडीनं अकोल्याला जाऊन पाहिला. तेव्हा आमच्या हिवरखेडावरून अकोला-खंडवा गाडी जायची. लग्नाच्या मांडवात त्याच्या संवादांची तबकडी लागे, गाण्यांची नाही. सिनेमा मला आवडला, अजून आवडतो. फक्त एक गोष्ट खटकली ती आजपर्यंत छापलेली पाहिली नाही. गब्बरला धान्याची पोती लागतात. ती पिकली कुठं? सगळ्या रामगडात चहूकडे दगड. एक वावर धड दिसत नाही, कोणी डवरा धरलेला दिसत नाही, आणि दरोडेखोर मात्र धान्यावर जगतात. शूटिंग कर्नाटकात रामनगरच्या खडकांत झालं, त्यांना खडकच पाहिजे होते. पण खेड्याची गोष्ट सांगणाऱ्या देशातल्या सर्वात मोठ्या सिनेमात शेत नाही, हे खेड्याबाहेरच्या कोणाला दिसलं नाही.

मराठी सिनेमाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं दुखणं जुनं आहे. 'सांगत्ये ऐका' पुण्यात १३१ आठवडे चालला, 'पिंजरा' आला, १९७१ ला दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' आला. दादांना पेपरवाल्यांनी अश्लील म्हणून झोडपलं आणि लोकांनी त्यांचे सिनेमे पंचवीस-पंचवीस आठवडे चालवले. तो वाद झाला, बरा झाला. पण या सगळ्यांना समीक्षकांनी एकच शिक्का मारला, 'अस्सल ग्रामीण'. कोणतं ग्रामीण? पाटलाचा फेटा, तमाशाचा फड, कोल्हापूर-साताऱ्याची बोली. आमच्या वऱ्हाडात त्या वळणाचा पाटीलही नाही आणि ती बोलीही नाही. आमचा 'मले-तुले' पडद्यावर आला तर नोकराच्या तोंडी, हसवण्यापुरता. आमच्या मुलखात हिंदी सिनेमा घरचा आणि मराठी सिनेमा पाव्हणा वाटे, त्याचं हेही एक कारण आहे. २००९ साली सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' आला, तेव्हा पहिल्यांदा नायक-नायिका पूर्ण वेळ आमच्या बोलीत बोलले आणि लोक हसले नाहीत. विषयही हसण्याचा नव्हता. कर्ज, पराटी आणि वावरात निघालेल्या माणसामागं भीतीनं फिरणारं घर. माझ्या ओळखीच्या दोन घरांनी तो सिनेमा पाहायला नकार दिला. त्याची समीक्षा त्याच्यापुढं कोणी काय लिहावी?

राहिला 'दो बीघा जमीन'. १९५३ चा, बिमल रॉयचा. समीक्षकांच्या यादीत हा कायम वर, आणि तिथं तो शोभतो. पासष्ट रुपयांचं देणं कोर्टात दोनशे पस्तीस होतं, हे पाहताना आमच्याकडे कोणी हसलं नाही, कोणाला ते नवलही वाटलं नाही. बलराज साहनी रिक्षा ओढतो त्याच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली, आणि लिहावीच. पण सगळे लिहिणारे शंभूच्या मागं मागं कलकत्त्याला जातात. शेत मागं राहतं. घरी म्हातारा बाप आहे, ते काम नाना पळशीकरांनी केलं आहे, बायको पार्वती आहे, म्हणजे निरूपा रॉय. त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

आमच्याकडे हा सिनेमा ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर रविवारी दाखवला होता. संपल्यावर लोक उठेनात. एक जुना शेतकरी म्हणाला, "ते सर्व बराबर हाये बाप्पा. पन पाऊस तं पडला होता नं सुरवातीले? गाणंबी झालं पावसाचं. मंग यानं पेरलं का तसाच गेला?"

दुसरा म्हणाला, "कोर्टानं तीन महिने देल्ले. पेरून गेला असता तं पीक कापायलेच आला असता."

"दोन बिघे म्हंजे किती?"

बंगालचा बिघा लहान असतो, दोन बिघे मिळून एक एकरही भरत नाही, हे मी वाचलेलं होतं, ते सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, एवढंसं तर म्हातारा एकटा करू शकतो. त्यावर मागून एक बाई बोलल्या, "तिकडं धान राह्यते. धानाची लावनी बायाच करतात. पार्वतीनं केली असंन." मग पार्वतीला दिवस गेलेले होते, ती चिखलात किती वाकेल, यावरून दोन तट पडले, आणि शिपाई टीव्ही बंद करून कुलूप घेऊन उभा राहिला तरी ते मिटले नव्हते.